पादऱ्याच्या उतरणीवरचे खड्डे

खरं सांगायचं तर हे लिहायचं राहूनच जाणार होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसून टाकलं. बर्फात पडलेल्या बुटांच्या खड्ड्यांवर कोण गोष्ट लिहितं? त्यात माणसं आपल्याच गावातली, रोज दुकानात समोर येणारी. पण वेत्ले म्हणाला लिही, आणि गाउते म्हणाला, लिहायचंच तर नावासकट लिही, आता लपवण्यासारखं काय उरलंय. तेव्हा लिहितोय.

तर वेत्ले. एल्गसेट गावचा इलेक्ट्रिशियन, नुकती पंचविशी ओलांडलेला. एरवी तोंडाने फटकळ, पण 'नाही' म्हणायची वेळ आली की गप्प बसणारा. हिवाळ्याच्या तोंडावर गावच्या स्की-मंडळाची सभा होती. हा कॉफी ओतून घ्यायला उठला आणि परत येऊन बसेपर्यंत वाटा ठरवायच्या कामाचा प्रमुख झाला होता. टाळ्याही वाजून गेल्या होत्या.

काम तसं साधं वाटत होतं. गावाबाहेर अलीकडे शहरवाल्यांच्या सुट्टीच्या केबिनी उभ्या राहिल्यात. ते लोक गाडीतळावर स्की खांद्यावर घेऊन उभे राहायचे आणि दिसेल त्याला विचारायचे, यातली सोपी वाट कुठली? गाववाले म्हणायचे, सगळ्याच सोप्या आहेत. खोटं बोलत नव्हते बिचारे. त्यांना खरंच तसं वाटायचं. शेवटी मंडळाने ठरवलं की एक मोठा फलक लावायचा. नवख्यांसाठी हिरवी वाट, पोराबाळांसकट जायची निळी, आणि ज्यांना घाम काढायचाच असतो त्यांच्यासाठी काळी. ईस्टरच्या आधीच्या रविवारी सगळं गाव तळ्याकाठच्या खोपीवर जमतं, जाळ पेटवून सॉसेज भाजतं, संत्री सोलतं. त्या रविवारच्या आत फलक उभा राहायला हवा होता.

काळी वाट एका संध्याकाळी ठरली. म्हणजे वेत्लेने काही केलंच नाही. गावातले हौशी लोक आपणहून त्याच्या घरी आले, एकमेकांशी भांडले, कड्यावरून जायचं की कड्यामागून, स्कीच्या तळाला कुठलं मेण लावलं तर चढ जमतो, कोण कुठे घसरला होता, सगळं झालं आणि जाताना फलकावरची रेघ आखून गेले. हौशी माणसाला वाट शोधून द्यावी लागत नाही, त्याचं कुणीतरी ऐकून घेतलं की झालं, हे वेत्लेला तेव्हा कळलं.

हिरव्या आणि निळ्या वाटेचा तर प्रश्नच नव्हता. दोन्हीला एकच उत्तर, गिरणीची वाट. जुन्या गिरणीवरून निघायची, झाडीतून हळूहळू चढत खोपीपाशी जायची आणि पलीकडून पादऱ्याच्या उतरणीने चर्चच्या मागे खाली यायची. गोल वाट, एकाच दिशेने जायची. उलट यायला लागलात तर समोरचा अंगावर येतो. गिरणीजवळच्या जुन्या लाकडी पाटीवर हिरवा ठिपका होता आणि खाली लिहिलेलं, सगळ्यांसाठी. ती पाटी हालदिसच्या हातची. हालदिस म्हणजे जन्मभर बालवाडीत काम केलेली बाई. गावातल्या निम्म्या लोकांना तिनेच स्कीवर उभं केलंय, वेत्लेलाही. मंडळाची अध्यक्षही तीच. ती म्हणाली, पोरा, त्या वाटेने चार वर्षांची पोरं गाणं म्हणत उतरतात, त्यात ठरवायचं काय?

वेत्लेला पटलं. पटायला काहीच हरकत नव्हती. मग ते खड्डे पडायला लागले.

आमच्याकडे आस्लाक नावाचा माणूस आहे, तो यंत्र चालवतो. यंत्र बर्फ दाबत जातं आणि मागे दोन खोल रेघा पाडतं, डाव्या पायाला एक, उजव्या पायाला एक. त्या चाकोरीत स्की बसली की माणूस रुळावर ठेवल्यासारखा पुढे जातो. आस्लाक हे काम फुकट करतो, पहाटे उठून करतो आणि त्याबद्दल दिवसभर कुरकुरतो. तर त्या चाकोरीत कुणी बूट घालून चाललं की खड्डे पडतात, रात्री ते दगडासारखे गोठतात आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याची स्की त्यात अडकते. चाकोरीत चालणं म्हणजे आमच्याकडे वाढलेल्या ताटात पाय देण्यासारखं आहे. कुणाला हे शिकवावं लागत नाही.

आणि कुणीतरी पादऱ्याच्या उतरणीवर चालत होतं. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. आस्लाकने गावाच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहिलं की ज्याचे कुणाचे बूट असतील त्याने येऊन फावडं उचलावं. लगेच तर्क सुरू झाले. केबिनवाले असतील. कुत्र्याला फिरवणारं कुणी असेल. एकाने लिहिलं, एल्गही असू शकतो, आमच्या रानातलं ते थोरलं हरीण. आस्लाकने उत्तर दिलं, एल्ग तळव्याला नक्षी असलेले बूट घालत नाही. वाटांचा प्रमुख म्हणून वेत्लेला जाऊन बघणं भाग होतं.

त्याने बघितलं आणि त्याला जरा नवल वाटलं. दांडगाईने कुणी चाललं तर मधोमध चालतो, हवं तसे पाय टाकतो. हे खड्डे कडेला होते, चाकोरीच्या पार काठाला, झाडांना चिकटून. झाडीत शिरायचा प्रयत्नही केलेला दिसत होता, पण तिथे बर्फ मांडीपर्यंत, म्हणून परत काठावर. प्रत्येक वेळी सुरुवात एकाच जागी, वरच्या वळणावर, जिथून खालचं चर्च पहिल्यांदा दिसतं आणि उतार एकदम तोंड उघडतो. वेत्ले त्या वळणावर आयुष्यात कधी थांबला नव्हता. तिथे थांबण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी कामावरून लवकर सुटका झाली, म्हणून तो गिरणीच्या वाटेने वर गेला. खोपीवरून पलीकडे वळला, आणि वळणापाशी त्याला पाठमोरा माणूस दिसला. स्की काढून काखेत धरलेल्या, दोन्ही काठ्या एका हातात, टोपी कपाळावर घामाने चिकटलेली. निळं जाकीट वेत्लेच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्याच्याकडेही तेच होतं, दोघांना एकाच कंपनीने दिलेलं.

तो गाउते होता.

गाउतेही इलेक्ट्रिशियन, तो आणि वेत्ले एकाच गाडीतून कामाला जातात. गाउते मूळचा पश्चिम किनाऱ्याचा, समुद्रातल्या एका बेटावरचा, जिथे हिवाळा म्हणजे आडवा पाऊस. बायको राग्नफ्रिड आमच्या गावची, दवाखान्यात नर्स. मुलगी इल्वा, सहा वर्षांची. लग्न होऊन तो इथे आला त्याला बरीच वर्षं झाली, आणि इतक्या हिवाळ्यांत त्याला कुणी स्कीवर बघितलं नव्हतं. पण बघितलं नाही हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ईस्टरआधीच्या त्या रविवारी तो दरवर्षी बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलवर मागे बसून सामानाबरोबर खोपीवर पोचायचा, जाळ पेटवायचा, सॉसेज भाजायचा. कुणीतरी ते करायलाच हवं ना. लोक म्हणायचे, गाउतेसारखा जाळ कुणाला जमत नाही. तो कधी खोटं बोलला नाही. त्याला कुणी कधी विचारलंच नाही, येतं का म्हणून. आमच्याकडे हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही, जसं चालता येतं का असं विचारत नाहीत.

वेत्लेला बघून गाउतेने स्की खाली ठेवल्या. पळून जाण्यासारखी जागा नव्हतीच.

"कळलं आता," तो म्हणाला. "आस्लाकला फोन करणार असशील तर कर."

वेत्ले म्हणाला, गप ए. मग जे सुचलं ते नेमकं चुकीचं. "अरे, सोपंय हे. एक पाय चाकोरीतून बाहेर काढायचा, टोक आत वळवून नांगर धरायचा, वेग आपोआप कमी होतो, बस्स."

गाउते त्याच्याकडे बघत राहिला. "नांगर मला माहितीये. व्हिडिओ बघून बघून पाठ झालाय. तो एक पाय बाहेर काढायचा असतो ना, तेव्हा मी दुसऱ्या एका पायावर असतो. खाली उतार असतो. आणि माझं वजन बघ." थोडं थांबून त्याने विचारलं, "तू कधी शिकलास रे?"

वेत्लेने आठवून बघितलं. काही आठवेना. शिकण्याच्या आधीचं काहीच आठवेना.

"बघ," गाउते म्हणाला. "मला प्रत्येक पडणं आठवतंय."

मग तिथेच, बर्फावर बसून, त्याने सगळं सांगितलं. शाळेत इल्वाच्या वर्गात सगळ्यांनी आपापल्या बाबांचं चित्र काढलं होतं. बाकी सगळ्यांचे बाबा स्कीवर. इल्वाने बाबाच्या हातात सॉसेजचा चिमटा दिला होता. छान काढलं होतं चित्र, हसराच काढला होता त्याला. पण घरी आल्यावर तिने विचारलं, या वर्षी तू माझ्याबरोबर येशील का खोपीपर्यंत, सामानाबरोबर नको, माझ्याबरोबर. आणि तो हो म्हणून बसला. तेव्हापासून कामावरून सुटला की गुपचूप इथे यायचा. पाटीवर हिरवा ठिपका बघून आला होता. चढ जमायचा, खोपीपर्यंत जायचा, आणि मग हे वळण. आता तो रविवार तोंडावर आला होता.

"ती पाटी म्हणते सगळ्यांसाठी," तो म्हणाला. "म्हणजे मी सगळ्यांत नाही. यापेक्षा सोपा रंग नाहीये तुमच्याकडे. हिरवीच जमत नाही तर मी कुठल्या वाटेने जायचं? तिच्यासमोर इथे स्की काढून उभा राहिलो तर ती पुन्हा विचारणारसुद्धा नाही. पोरं शहाणी असतात रे. एकदा बघतात आणि मग विचारायचं सोडून देतात."

वेत्लेला गेल्या उन्हाळ्याची आठवण झाली. गाउतेच्या बेटावर गेले होते दोघं, गाउतेच्या बापाच्या होडीतून मासे धरायला. लाटा काही मोठ्या नव्हत्या, बेटावरच्या माणसाच्या हिशेबाने तर नव्हत्याच. वेत्ले होडीचा काठ घट्ट धरून बसला होता आणि पोटातलं सगळं समुद्राला देऊन झालं होतं. तेव्हा गाउते हसला नव्हता. सोपं आहे म्हणाला नव्हता. होडी वळवली होती, खाडीतल्या शांत पाण्यात नेली होती, एक कोरडं बिस्कीट हातात ठेवलं होतं आणि गळ टाकून बसला होता. इथेही मासे असतात, एवढंच म्हणाला होता.

वेत्लेने स्की काढल्या. दोघं झाडीतून, मांडीभर बर्फातून धडपडत खाली आले. अर्धा तास लागला असेल, जास्तच. जाताना गाउतेने एकच गोष्ट मागितली, कुणाला सांगू नको. वेत्लेने मान डोलावली.

पुढचे दोन दिवस वेत्लेच्या डोक्यात हेच. आपण सगळे एकाच चुकीत उभे आहोत, असं त्याला वाटत राहिलं. वाट सोपी आहे हे ठरवणाऱ्या एकालाही ती अवघड असण्याचा अनुभव नाही. गावात नवखा माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि एक होता तो जाळामागे लपला होता. ज्या खड्ड्यांना सगळं गाव शिव्या देत होतं ते खरं तर गिरणीच्या पाटीला दिलेलं उत्तर होतं. कुणीतरी पायाने लिहून ठेवलं होतं की हे हिरवं नाही.

मग हिरवं कुठे आहे? वेत्ले शोधायला लागला. आणि त्याला तारांची वाट सापडली. सापडली म्हणजे काय, सगळ्यांना माहितीच होती, पण तिला कुणी वाट म्हणत नव्हतं. विजेच्या मोठ्या खांबांखालून झाडं तोडून काढलेला पट्टा आहे, उन्हाळ्यात दलदल असते, हिवाळ्यात टेबलासारखी सपाट. सरळसोट, रुंद, कंटाळवाणी. खोपीच्याच उंचीवरच्या रस्त्याकडेला, रस्त्यावर टाकायच्या खडीच्या ढिगापाशी सुरू होते आणि खोपीवर पोचते तीही मागच्या बाजूने, संडासाच्या भिंतीशी. आस्लाक यंत्र घेऊन घरी जाताना कधीमधी तिथून जायचा, तेवढीच काय ती चाकोरी.

दुसऱ्या दिवशी कामानंतर तो गाउतेला तिथे घेऊन गेला. गाउते तीनदा पडला. पण सपाटीवर पडणं वेगळं असतं, माणूस पडतो, बसतो, शिवी देतो आणि उठतो. खोपीच्या संडासापर्यंत पोचल्यावर त्याने भिंतीला हात लावला, पोहणारे काठाला लावतात तसा.  परत फिरताना शिट्टी वाजवत होता.

आता सभा. हालदिसच्या स्वयंपाकघरात, कारण तिच्याकडे वाफलचा तवा सगळ्यात मोठा. हालदिस, आस्लाक आणि वेत्ले, बाकीचे आजारी नाहीतर आळशी. तपकिरी चीज मधे ठेवलेलं. वेत्लेने आपलं म्हणणं मांडलं, गिरणीची वाट निळी करू, हिरवा रंग तारांच्या वाटेला देऊ, आणि आस्लाकने तिथे रोज चाकोरी पाडायची.

आस्लाक म्हणाला, म्हणजे पाहुणे आले की त्यांना आपण खडी आणि संडास दाखवायचा. नाव तरी नीट ठेव तिचं. हालदिसने तर आधी नीट ऐकून घेतलंच नाही. तिच्या हातची पाटी होती ती. ती चिडली नाही, पण आवाज शाळेतला झाला. चार वर्षांची पोरं उतरतात, वेत्ले. तू स्वतः उतरलायस, माझं बोट न धरता.

वेत्ले म्हणाला, "पोरांचं बूड जमिनीपासून वीतभर असतं, हालदिस. पडायला जागाच नसते त्यांना. मोठ्या माणसाचं तसं नाही. एक जण आहे, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. वरच्या वळणावर स्की काढतो. केबिनवाला नाही, कुत्रेवाला नाही, आपल्यातलाच. नाव मी सांगणार नाही, मला विचारू पण नका. पण आपली हिरवी वाट आपल्याच माणसाला जमत नसेल तर ती हिरवी कशी?"

यावर आस्लाक काहीतरी जोरात बोलेल असं त्याला वाटलं होतं. त्याने नुसता चीजचा तुकडा कापला. हालदिस तव्याकडे तोंड करून उभी राहिली. वाफल करपल्याचा वास यायला लागला तरी तिने झाकण उघडलं नाही.

"तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

वेत्लेला प्रश्न कळलाच नाही. ती वळली आणि टॉवेलला हात पुसत राहिली. "खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून," ती म्हणाली. "दोन हिवाळे झाले. लोक जेवायला घरी गेले की मी वर जाते. वळणाशी स्की काढते आणि झाडांतून बूड टेकत टेकत खाली येते. पण चाकोरीत पाय टाकला नाही हां, आस्लाक. एकदाही नाही."

आस्लाकने कॉफीचा कप खाली ठेवला. हालदिस. जिने त्याला नांगर धरायला शिकवलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग वेत्लेकडे बघितलं. चाकोरीतले बूट तिचे नाहीत, म्हणजे अजून कुणीतरी आहे, एवढा हिशेब त्याला येत होता. विचारेल असं वाटलं. त्याने विचारलं नाही. करपलेली वाफल तव्यावरून काढली, त्यावर चीज ठेवलं आणि खायला लागला.

"तारांखालचा बर्फ वारा उडवून नेतो," तो चावता चावता म्हणाला. "रोज पाडावी लागेल चाकोरी. रोज म्हणजे रोज. ते खड्ड्यांचं मी ग्रुपवरून काढून टाकतो."

हालदिस म्हणाली, पाटी मीच काढेन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

रविवारी ऊन पडलं होतं. गाडीतळावर नवा फलक उभा होता, आणि लोक नाकं मुरडत होते, तारांची वाट म्हणे हिरवी, उद्या खडीच्या ढिगालाही रंग देतील. गाउते इल्वाचा हात धरून ढिगापाशी आला तेव्हा वेत्ले तिथे आधीच येऊन थांबला होता. जाळ कोण पेटवणार, असं कुणीतरी ओरडून विचारलं. गाउते म्हणाला, या वर्षी तुमचं तुम्ही बघा.

इल्वा पहिल्या पाच मिनिटांत कंटाळली. तिच्या पायाला ही वाट म्हणजे घरातली जमीन. ती पुढे जायची, परत यायची, पुन्हा पुढे. "बाबा, ही वाट नुसती लांबच आहे," ती म्हणाली. खाचखळगे नाहीत, उड्या नाहीत, काही नाही. वेत्लेला मागून दिसत होतं की गाउतेची पाठ ताठ झालीये. इतकं करून पोरगी कंटाळणार आणि पळत गिरणीच्या वाटेला जाणार, अशी भीती त्याला वाटत होती, वेत्लेलाही वाटत होती. नवख्याला हवी ती वाट पोरांना नको असते, हे फलकावर रंग देताना त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात इल्वाने वर बघितलं आणि विचारलं, हा आवाज कसला येतोय? तारा गुणगुणत होत्या. गाउते थांबला, धापा टाकत होता, पण हे त्याच्या घरचं होतं. त्याने सांगितलं की वीज एका सेकंदात किती वेळा पुढेमागे पळते, ओलसर हवेत तारा जास्त का बोलतात, खांबावर तारांना धरणाऱ्या काचेच्या बांगड्या कशासाठी असतात. हे सांगायच्या नादात तो चाकोरीत कधी सरकायला लागला ते त्यालाही कळलं नाही. मग पडला. तोंडावरच पडला.

वेत्ले पुढे सरकला आणि थांबला. इल्वा जवळ गेली. ती बापाकडे बघत होती, बाप बर्फातून तिच्याकडे बघत होता.

"हालदिस म्हणते आधी उताणं व्हायचं, झुरळासारखं," ती म्हणाली. "पाय वर. मग स्की एकाच बाजूला. हां, आता गुडघ्यावर ये."

तो झुरळ झाला. भला थोरला माणूस, पाय वर करून. ती इतकी हसली की तीही पडली. त्यानंतर तिला वाट कंटाळवाणी वाटली नाही, कारण आता तिला काम होतं. खोपीपर्यंत ती त्याला शिकवत गेली, हालदिसच्याच आवाजात, कंबरेवर हात ठेवून. वाटेत खुद्द हालदिस मागून आली, हळू, ताठ. "छान," ती म्हणाली, कुणाला म्हणाली ते कळलं नाही, आणि पुढे गेली.

संडासाच्या भिंतीमागून ते खोपीवर पोचले. जाळ धूर करत होता, गाउतेशिवाय तो कुणाला नीट पेटवता आला नव्हता. इल्वाने संत्रं सोललं आणि अर्धं बाबाला दिलं.

परत निघताना मुलांचा घोळका पादऱ्याच्या उतरणीकडे वळला. इल्वा दोन्हीकडे बघत उभी राहिली. "बाबा, तू पण चल ना."

"या वर्षी नाही."

"भीती वाटते?"

वेत्ले जवळच होता. एखादी थाप ऐकू येईल, गुडघा दुखतोय, सामान आवरायचंय, असं काही, असं त्याला वाटलं. गाउतेने काठीचं टोक बर्फात रुतवलं. "हो," तो म्हणाला. "त्या वळणावर मला फार भीती वाटते."

इल्वाने थोडा विचार केला. मोठ्या माणसांना भीती वाटते ही बातमी तिला नवी होती, पण वाईट वाटलेली दिसत नव्हती. "मग तू तारांखालून ये," ती म्हणाली. "मी चर्चपाशी थांबते. पुढच्या वर्षी परत विचारीन." आणि गेली, ओरडत, गाणं म्हणत, वळणावरून नाहीशी झाली.

दोघं सपाटीवरून परत निघाले. ऊन उतरत होतं, चाकोरी कडक व्हायला लागली होती, तारा बोलत होत्या.  मग गाउते म्हणाला, "ऐकलंस? परत विचारीन म्हणाली."

"ऐकलं."

"म्हणजे पुढच्या हिवाळ्यात ते वळण."

वेत्लेच्या तोंडात तो शब्द आलाच होता, लहानपणापासून तिथेच बसलेला. त्याने तो गिळला. खाडीतलं शांत पाणी आठवलं, हातावरचं कोरडं बिस्कीट आठवलं.

"मी येईन तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "जमेल असं म्हणणार नाही, सोपं आहे असं तर नाहीच नाही. पण वळणाशी तू स्की काढल्यास तर मी पण काढीन. आणि आस्लाक खाली यंत्र घेऊन उभा असला, सगळं गाव बघत असलं, तरी तुझ्या शेजारून बूट घालून चालत खाली येईन. खड्डे पडले तर दोघांचे पडतील. शब्द देतो."